ब्रेकची डिस्क : घासायची की बदलायची?

(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)





संस्थेच्या चिटणीसांनी मला ह्या समारंभात बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "साहेब, मी नववीत शाळा सोडलेला माणूस. माझे हात तेलात आणि ग्रीसमध्ये गेले. बक्षिसे मिळविणाऱ्या मुलांपुढे मी काय बोलणार?" ते म्हणाले, "आपल्याला जे येते तेच बोला." मला येते ते एकच. लोक गाडी पळवायला शिकवतात. मी १९७९ सालापासून गाडी वेळेवर थांबावी म्हणून काम करीत आलो. तेव्हा आज मी तुम्हांला ब्रेकच्या डिस्कविषयी सांगणार आहे. विषय ऐकून काही पालकांच्या चेहऱ्यावर हसू आलेले मला दिसते आहे. थोडा धीर धरा. ह्या लोखंडाच्या चकतीत तुमच्या मुलांच्या शिक्षणाचाही एक प्रश्न दडलेला आहे, तो मी शेवटी तुमच्यापुढे ठेवणार आहे.

मी उमेदवारीला लागलो तेव्हा रस्त्यावर अँबॅसडर आणि फियाट ह्याच गाड्या, आणि त्यांच्या चारही चाकांना बहुधा ड्रमचे ब्रेक. ड्रम म्हणजे लोखंडी डबा. त्याच्या आत अर्धगोल शू असतात, त्यांवर लायनर असतो. पेडल दाबले की शू पसरतात आणि ड्रमला आतून घासतात. डिस्कचा ब्रेक त्याच्या उलट. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते आणि कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडच्या मध्ये तिला दोन्ही बाजूंनी पकडतो. कल्पना नवी नव्हे. फ्रेडरिक लँचेस्टर ह्या इंग्रज इंजिनिअरने १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते. पण १९५३ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकच्या जॅग्वार गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या, तेव्हा जगाचे डोळे उघडले. आज आपल्याकडे साध्या मोटारीच्या पुढच्या चाकांना डिस्क असते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या मोटरसायकलला एबीएस सक्तीचे झाले, आणि त्याबरोबर पुढच्या चाकाची डिस्क घरोघर येऊन पोहोचली. म्हणजे मी जे सांगतो आहे ते ह्या मांडवाबाहेर उभ्या असलेल्या तुमच्या गाड्यांविषयीच आहे.

आता विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो. ब्रेक गाडी थांबवितो म्हणजे काय करतो? गाडीत वेगामुळे जी ऊर्जा साठलेली असते तिची तो उष्णता करतो. दुसरे काही नाही. एक हजार किलो वजनाची मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर जात असेल, तर तिच्यात ५०,००० ज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट करा, ताशी ७२. ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते, २,००,००० ज्यूल. पुस्तकात तुम्ही 'वेगाचा वर्ग' असे वाचता आणि पुढचे पान उलटता. तो वर्ग डिस्कला भोगावा लागतो.

घाटाचे गणित तर आणखी बोलके आहे. तीच हजार किलोची गाडी पाचशे मीटर उंचीचा घाट उतरली, तर सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेने पंधरा लिटर पाणी उकळीला येईल. काही भाग वारा घेतो. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बराचसा इंजिन घेते. न्यूट्रलमध्ये किंवा टॉप गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर तो जवळजवळ सगळा बोजा डिस्क आणि ड्रमवर, आणि त्यातही अधिक पुढच्या डिस्कवर पडतो. म्हणून डिस्क जाड असते. तिची जाडी म्हणजे उष्णता साठविण्याची कोठी आहे, असे समजा. कोठी लहान केली की धान्य बाहेर सांडणारच.

ही जाडी रोज थोडी थोडी झिजते. पॅड झिजतात तशी डिस्कही झिजते. कडेला, जिथे पॅड पोहोचत नाही तिथे, एक उंच काठ राहतो. पावसाळ्यात आमच्या कोकणात त्या काठावर गंज चढतो. पॅड वेळेवर बदलले नाहीत तर त्यांची लोखंडी पाठ डिस्कला खाते आणि ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चऱ्या पडतात. हे सगळे डोळ्यांना दिसते. पण एक दोष डोळ्यांना दिसत नाही. ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरते, पेडल पायाला धक्के देते. गिऱ्हाईक येऊन सांगते, "उस्ताद, डिस्क वाकली." आम्हीही मान डोलावतो. गॅरेजच्या भाषेत 'डिस्क आउट आहे'.

खरे सांगायचे तर डिस्क पापडासारखी वाकलेली फार क्वचित असते. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. एका जागी २१.५० मिलिमीटर, तर समोरच्या बाजूला २१.४८. फरक किती? ०.०२ मिलिमीटर. तुमच्या वहीच्या एका कागदाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा! पण ताशी ८० किलोमीटर वेगाला साधारण मोटारीचे चाक सेकंदाला बारा वेळा फिरते. म्हणजे ती उंच जागा सेकंदाला बारा वेळा पॅडमधून जाते, पिस्टनला मागे ढकलते, आणि तो धक्का ब्रेक ऑइलमधून तुमच्या पायापर्यंत येतो.

हा फरक का पडतो, हे जाणून घेण्यासारखे आहे, कारण त्यातली निम्मी कारणे आम्ही माणसेच निर्माण करतो. हबच्या तोंडावरचा गंज न घासता वर डिस्क बसविली, की ती किंचित तिरकी बसते. चाकाचे नट आळीपाळीने समोरासमोर न आवळता एका कडेने ताकद लावून आवळले, की तोच परिणाम. तिरकी डिस्क ब्रेक न मारताही प्रत्येक फेरीला पॅडला एका जागी चाटत राहते आणि काही हजार किलोमीटरनंतर ती जागा पातळ होते. तिसरे कारण ड्रायव्हरचे. घाट उतरून डिस्क लाल झालेली असताना चहासाठी गाडी थांबवायची आणि पेडल दाबून धरायचे. तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. पुढे त्या जागी उष्णता जास्त धरते, लोखंडाची जात बदलते, निळा-काळा कडक डाग पडतो. आणि कोणी तापलेल्या डिस्कवर पाण्याचा पाइप सोडला, तर तडाही जाऊ शकतो.

मग उपाय दोन. एक, डिस्क लेथवर चढवून दोन्ही बाजूंनी पातळ थर काढायचा आणि तिला पुन्हा सपाट करायचे. ह्याला कोणी टर्निंग म्हणतो, कोणी फेसिंग, गिऱ्हाईक म्हणते 'घासून द्या'. दुसरा, नवी डिस्क घालायची. कोणता केव्हा? ह्या प्रश्नाचे उत्तर मला वीस-बावीस वर्षे येत नव्हते आणि मी मात्र ते रोज देत होतो. त्याची हकीकत आता सांगतो. सांगताना आजही मला बरे वाटत नाही.

माझे गॅरेज चिपळूणजवळ, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या बाजूला होते. २००३ सालचा मे महिना. लग्नसराई. वडापची एक जीप माझ्याकडे नेहमी येई. तिचा मालक वेगळा, ड्रायव्हर वेगळा. ड्रायव्हर तरुण, शांत पोरगा. मला चाचा म्हणायचा. ब्रेकला थरथर होती म्हणून त्याने गाडी आणली. मालकाने निरोप धाडला होता, "चाचांना सांग, नवीन डिस्कच्या भानगडीत पडू नका. गेल्या वर्षीसारखे घासून द्या." गेल्या वर्षी आणि त्याच्या आधीही ती डिस्क घासली होती. मी डिस्क काढली, बाजारातल्या लेथवाल्याकडे पाठविली, संध्याकाळी आरशासारखी होऊन आली. बसविली. थरथर गेली. मालक खूश, मी खूश. मी ती मोजली नाही. मोजण्याचे साधन माझ्याकडे नव्हते आणि मोजायचे असते हे मला कोणी सांगितलेही नव्हते. माझ्या उस्तादांनी अंगठा आणि बोट लावून 'अजून चालेल' म्हणायला शिकविले होते, तेच मी करीत होतो.

तीन आठवड्यांनी ती जीप कराडहून नऊ माणसे घेऊन घाट उतरत होती. अर्ध्या घाटात ब्रेक जड झाला, मग पेडल मऊ पडले आणि पुढच्या वळणापाशी थेट तळाला गेले. पोराने डोके शाबूत ठेवले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये खेचली आणि दरीच्या बाजूला न जाऊ देता डोंगराच्या कडेच्या गटारात घातली. माणसे वाचली. एका वयस्क बाईंचा हात मोडला, बाकीच्यांना खरचटले.

दुसऱ्या दिवशी जीप माझ्या दारात ओढून आणली. मालक आला, त्याने स्वतः पेडल दाबून पाहिले. पेडल घट्ट! ब्रेक चांगला! तो पोरावर उखडला. "पेडल तळाला गेले म्हणतोस? हे बघ. झोपला होतास तू." पोलिसांपुढेही तेच बोलणे झाले. पोरगा एकच म्हणत होता, "चाचा, खरंच गेलं होतं हो." मी गप्प राहिलो. माझ्या मनात पाल चुकचुकली होती, तरी मी गप्प राहिलो.

पेडल परत का आले, हे मला आज ठाऊक आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ जातीचे ताजे ऑइल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पण ओल शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंश धरतात. डिस्क पातळ असेल तर ती लवकर आणि जास्त तापते, ती उष्णता पॅडमधून, पिस्टनमधून ऑइलपर्यंत जाते, ऑइल उकळते आणि त्याची वाफ होते. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल तळाला जाते. रात्रभर गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा ऑइल होते आणि पेडल जसेच्या तसे. पुरावा आपोआप पुसला जातो आणि ड्रायव्हर खोटा पडतो.

दुपारी मी चाके काढली. लेथवाल्याकडून मायक्रोमीटर मागून आणला होता, पण तो वाचता येईना. एवढ्यात माझी मुलगी डबा घेऊन आली. ती तेव्हा अकरावी सायन्सची परीक्षा देऊन घरी होती. हत्यार पाहून म्हणाली, "अब्बा, हे तर आमच्या प्रयोगशाळेतलं स्क्रू गेज! मी आत्ताच प्रॅक्टिकलला ह्यानं तारेची जाडी मोजली." तिने मला तिथेच जमिनीवर बसून शिकविले. हा सरळ दांड्यावरचा आकडा, त्यातली अर्धी रेघ दिसते का बघायची, हा फिरत्या भागावरचा आकडा, त्याला शंभराने भागायचे, दोन्हींची बेरीज. डिस्कवर खडूने आठ खुणा केल्या आणि ती वाचीत गेली, मी लिहीत गेलो. १७.४२, १७.४०, १७.३८...

"अब्बा, किती असायला पाहिजे?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. मग मी वायर ब्रश घेतला आणि डिस्कच्या मधल्या उंच भागावरचा गंज घासू लागलो. गंजाखालून ओतीव अक्षरे वर आली : कमीत कमी जाडी २० मिलिमीटर. आकडा तिथेच होता. कारखान्याने तो लोखंडात ठसवून दिला होता. मी त्या डिस्कला तीन वेळा हात लावला होता आणि एकदाही तो वाचला नव्हता.

मित्रहो, वीस आणि साडेसतरा ह्यांत फारसा फरक नाही असे तुम्हांला वाटेल. पण ही डिस्क मधून पोकळ असते. दोन पाळ्या आणि मध्ये हवा खेळण्यासाठी पडदे. समजा, नवी डिस्क २२ मिलिमीटरची आहे आणि तिच्या दोन पाळ्या सात-सात मिलिमीटरच्या. पोकळी झिजत नाही, झिजतात त्या पाळ्या. म्हणजे साडेचार मिलिमीटर गेले ते बावीसातून नव्हे, चौदातून गेले. जवळजवळ तिसरा हिस्सा लोखंड मी लेथवर काढून टाकले होते आणि वर आरशासारखी चकाकी आणली होती. चकाकीने सगळ्यांना फसविले, मलाही.

त्या संध्याकाळी मी डिस्क पिशवीत घातली आणि मालकाच्या घरी गेलो. पोराला बोलावून घेतले. दोघांसमोर डिस्क ठेवून म्हणालो, "चूक ह्याची नाही. चूक माझी आहे. हा आकडा आणि हे माप." मालक बराच वेळ बोलला नाही. मग त्याने पोराला म्हटले, "उद्यापासून ये गाडीवर." पोलिसांकडे जाऊन मी हेच सांगितले. त्या बाईंच्या औषधपाण्याचा खर्च मी उचलला. माझी फार मोठी इभ्रत होती असे नाही, पण जी होती ती मी घालवली असे लोक म्हणाले. काही गिऱ्हाइके गेली. काही मात्र त्यानंतरच आली. गिऱ्हाईक गाडी आपल्या स्वाधीन करून जाते ती अमानत असते, आणि तिच्यात पुढे कोण बसणार आहे हे आपल्याला माहीत नसते.

दुसऱ्या आठवड्यात मी मायक्रोमीटर आणि डायल गेज विकत घेतले. तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये जी रीत आहे ती तुम्हांला सांगतो. तुम्ही मेकॅनिक नसलात तरी गिऱ्हाईक आहात.

प्रथम गाडी चालवून पाहायची. चाक काढले की कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का ते बघायचे. पीन अडकली असेल तर एकच पॅड झिजतो आणि दोष डिस्कवर जातो. धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसाला घातक. मग डिस्क काढून हबचे तोंड घासून स्वच्छ करायचे, डिस्क परत बसवून नट आवळायचे, आणि कडेपासून सुमारे दहा मिलिमीटर आत डायल गेज टेकवून डिस्क फिरवायची. पुष्कळ गाड्यांना ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त हेलकावा चालत नाही. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात असतो. कितीतरी वेळा हबचा गंज काढल्यावरच दोष जातो. ना लेथ, ना नवी डिस्क.

त्यानंतर आठ ठिकाणी जाडी मोजायची आणि त्यांतली सर्वांत लहान धरायची. साधा व्हर्नियर थेट लावला तर तो कडेच्या उंच काठावर बसतो आणि खोटे माप देतो. मायक्रोमीटर नसेल तर एक युक्ती आहे. दोन सारखी नाणी डिस्कच्या दोन्ही बाजूंना धरा, त्यांच्यावरून व्हर्नियर लावा आणि नाण्यांची जाडी वजा करा. पाचवीतल्या मुलाला येईल अशी वजाबाकी आहे, पण तिने जीव वाचतो.

आता निर्णय. डिस्कवर ठसविलेला आकडा म्हणजे तिथपर्यंत घासा अशी परवानगी नव्हे. त्याच्या खाली डिस्क गेली की ती भंगारात घालावी, असा त्याचा अर्थ आहे. लेथवरून उतरल्यावर तिच्यात पुढच्या पॅडबरोबर झिजण्यापुरती जाडी शिल्लक राहिली पाहिजे. वीसची मर्यादा आहे, आज साडेवीस आहे आणि चऱ्या काढायला अर्धा मिलिमीटर जाणार, तर ती डिस्क घासायची नाही, बदलायची. तडा दिसला तर बदलायची. निळे कडक डाग खोल असतील तर घासून ते पुन्हा वर येतात, बदलायची. आतले पडदे गंजाने खाल्ले असतील, बदलायची. मोटरसायकलची डिस्क स्टीलची आणि मुळातच चार-साडेचार मिलिमीटरची असते. ती घासण्याचा विचारही करायचा नाही. पण जाडी भरपूर आहे, तडा नाही, नुसत्या चऱ्या किंवा थरथर आहे, तर खुशाल घासा. चांगली डिस्क फेकून गिऱ्हाइकाच्या माथी नवी मारणे हाही अप्रामाणिकपणाच. स्वस्तात करून देणारा प्रत्येक जण भला नसतो आणि नवी घाला म्हणणारा प्रत्येक जण लुटारू नसतो. दोघांतला फरक माप सांगते.

घासायची असो वा बदलायची, दोन्ही चाकांची जोडीने. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. पॅड नवे घाला. लेथवर हलका काप घ्या. नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच बसवा, म्हणजे लोखंडाचा भुगा पॅडमध्ये रुतणार नाही. नट समोरासमोर, टॉर्क रेंचने आवळा. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगापासून पंधरापर्यंत आठ-दहा वेळा बेताचा ब्रेक मारा, मध्ये डिस्कला निवू द्या, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

गिऱ्हाईक म्हणून तुम्ही मेकॅनिकला तीनच आकडे विचारा. नवी डिस्क किती जाडीची असते? कमीत कमी किती चालते? आज माझी किती आहे? ह्या प्रश्नांवर जो रागावेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका. जो म्हणेल, "या, तुमच्यासमोर मोजतो", त्याला दोन पैसे जास्त लागले तरी द्या.

आता तो शिक्षणाचा प्रश्न, जो मी शेवटासाठी राखून ठेवला होता. पालकांनो, तुमच्यापैकी कित्येक जण माझ्याकडे मुलाला घेऊन येता. काय सांगता? "चाचा, पोराला गणित जमत नाही, शाळेत दोनदा बसला, तुमच्याकडे ठेवून घ्या. हातात पाना तरी धरील." मुलगा चौदा वर्षांचासुद्धा नसतो. तुमच्या घरची ओढाताण मी जाणतो; माझ्या अब्बांनीही मला असेच आणून सोडले होते. पण विचार करा. ज्याला दशांश चिन्ह वाचता येत नाही, त्याच्या हाती तुम्ही ब्रेक देता आहात. ज्याला गाडीच्या पुस्तकातली ओळ लागत नाही, तो गंजाखालचा आकडा कशासाठी शोधील? माझी चूक हाताची नव्हती, हात माझा तेव्हाही चांगला होता. चूक नववीत सुटलेल्या शाळेची होती आणि त्याहून अधिक, 'आम्हांला काय करायचे आहे आकड्यांशी' ह्या माझ्या घमेंडीची होती.

गॅरेज ही नापासांची जागा नव्हे. मुलाला धंद्याची आवड असेल तर आनंदाने पाठवा, पण दहावी करून पाठवा. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, दहावी झालेल्याला तिथे प्रवेश मिळतो. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली पुढे कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. शाळेचा अभ्यास आणि धंद्याचे हात ह्यांत तुम्ही जी भिंत बांधली आहे ती मुळात नाहीच. माझ्या मुलीने ती एका दुपारी पाडून दाखविली. प्रयोगशाळेत ज्या हत्याराने ती तारेची जाडी मोजून वहीत लिहीत होती, त्याच हत्याराने एका गरीब ड्रायव्हरचा खरेपणा सिद्ध झाला. मुलींना शिकवून काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या प्रयोगशाळेत जाल तेव्हा स्क्रू गेज हातात घेऊन शेजाऱ्याच्या वहीतले वाचन उतरवू नका. स्वतः मोजा. चुकले तर पुन्हा मोजा. मार्क दोन असतील किंवा तीन असतील, त्याच्याशी मतलब नाही. कोणत्या दिवशी कोणाचा जीव किंवा कोणाची अब्रू त्या शंभराव्या भागावर टांगलेली असेल, हे आधी कळत नाही.

ती डिस्क मी भंगारात दिली नाही. गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवली आहे. गॅरेज आता माझा पुतण्या चालवितो, तो आय.टी.आय. झालेला आहे. नवा पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला पाना द्यायचा नाही. मायक्रोमीटर द्यायचा आणि सांगायचे, "ती खाली काढ आणि मोज." ज्या दिवशी त्याचे उत्तर १७.३८ येते, त्या दिवसापासून त्याने ब्रेकला हात लावायचा.

 बक्षीस मिळालेल्या मुलामुलींचे अभिनंदन करतो. ज्यांना मिळाले नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. शाळा मात्र सोडू नये.